रूनस्केपमधली कारागिरी: कष्ट, घडणावळ आणि मोबदला यांचा हिशेब

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी माझा भाचा दुपारच्या जेवणाला घरी आला. तो पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो, कर्वेनगरला वसतिगृहात राहतो आणि मित्रांच्या सांगण्यावरून नुकताच ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळू लागला होता. पाने वाढून होईपर्यंत त्याने आपला फोन माझ्यापुढे धरला. चार संध्याकाळी खाणीत घालवून त्याने लोखंडाचे खनिज काढले होते, ते भट्टीत वितळवले होते, ऐरणीवर त्याच्या सुऱ्या घडवल्या होत्या आणि त्या सगळ्या सुऱ्या खेळातल्या एका दुकानात विकल्यावर त्याच्या हाती जेमतेम काही शे नाणी आली होती. "मामा, एवढं राबून पदरात हेच पडणार असेल, तर लोक हे करतात तरी कशाला?" असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. जेवणे झाल्यावर आम्ही एक वही घेऊन बसलो आणि त्या दुपारी जो हिशेब मांडला, तोच नव्या खेळाडूंच्या उपयोगी पडावा म्हणून येथे क्रमाने देत आहे.

हा खेळ ज्यांना अगदीच अपरिचित आहे त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की, केंब्रिजच्या जॅगेक्स या कंपनीने मूळ रूनस्केप २००१ मध्ये सुरू केला, त्याची जुन्या धाटणीची ही आवृत्ती फेब्रुवारी २०१३ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०१८ पासून ती फोनवरही खेळता येते. संगणकावर आणि फोनवर खाते एकच चालते. खेळाचा एक भाग विनामूल्य आहे आणि दुसऱ्या, मोठ्या भागासाठी सभासदत्व घ्यावे लागते. पुढचे जवळजवळ सगळे विवेचन विनामूल्य भागाचे आहे, कारण नवख्या माणसाने पहिले काही महिने तेथेच काढावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: आज काय कमवायला बसलो आहोत, ते आधी ठरवा

कारागिरीतून तीन गोष्टी मिळू शकतात: एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, नाणी, आणि स्वतःच्या वापराची वस्तू. या तिन्ही एकाच वेळी भरपूर मिळतील अशी अपेक्षा धरणे, ही नवख्या खेळाडूची सर्वांत महाग चूक असते.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. कोणतेही कौशल्य लेव्हल १ पासून ९९ पर्यंत जाते आणि ९९ गाठण्यासाठी १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात. लेव्हल ९२ ला पोचलेल्या खेळाडूने प्रत्यक्षात निम्मीच वाट चाललेली असते. लाखोंच्या संख्येने एक्सपी हवे असलेले असे असंख्य खेळाडू रोज पोलाद, चामडे, सोने विकत घेतात, त्यांच्या वस्तू घडवतात आणि मिळेल त्या भावाला बाजारात ओततात. रसवंतीवाल्याला उसाचा रस विकायचा असतो, चिपाडाचा भाव करत तो बसत नाही. या मंडळींच्या लेखी चिलखत म्हणजे चिपाड आहे, रस म्हणजे एक्सपी. त्यामुळे या खेळाच्या बाजारात तयार माल पुष्कळदा आपल्याच कच्च्या मालापेक्षा स्वस्त मिळतो. नव्या माणसाला ही गोष्ट उफराटी वाटते. पण ती एकदा मनात नीट बसली की पुढचा सारा हिशेब सोपा होतो.

म्हणून खेळायला बसताना वहीच्या पानावर वर एकच शब्द लिहावा, 'एक्सपी' किंवा 'नाणी'. ज्या दिवशी 'एक्सपी' लिहिले असेल त्या दिवशी तोटा होणार हे मान्य करून फक्त तो किती होऊ द्यायचा एवढेच पाहावे आणि ज्या दिवशी 'नाणी' लिहिले असेल त्या दिवशी लेव्हल वाढते की नाही याकडे ढुंकूनही पाहू नये.

दुसरी पायरी: ऐरणीआधी क्वेस्ट

भाच्याने चार संध्याकाळी जे केले ते मुळात करण्याची गरजच नव्हती, हे सांगताना मला वाईट वाटले. क्वेस्ट म्हणजे खेळाने नेमून दिलेली कामगिरी. द नाइट्स स्वोर्ड ही विनामूल्य भागातलीच एक क्वेस्ट पूर्ण केली की स्मिथिंगचे, म्हणजे लोहारकामाचे, १२,७२५ एक्सपी एकदम मिळतात आणि ज्याने आयुष्यात ऐरणीवर घाव घातलेला नाही तो खेळाडूही थेट लेव्हल २९ वर जातो. ब्राँझच्या आणि लोखंडाच्या शेकडो लगडी वितळवून जे साधते, ते येथे एका संध्याकाळच्या भटकंतीत साधते.

या क्वेस्टसाठी मायनिंगची, म्हणजे खाणकामाची, लेव्हल १० लागते. तीही खणत बसून मिळवू नये. डोरिक्स क्वेस्टमध्ये ६ माती, ४ तांब्याचे खनिज आणि २ लोखंडाचे खनिज नेऊन दिले की मायनिंगचे १,३०० एक्सपी मिळतात आणि तेवढ्यात लेव्हल १० ओलांडली जाते. त्यानंतर २ लोखंडी लगडी आणि एक रेडबेरी पाय (फळांचा भाजलेला पदार्थ) बरोबर घेऊन फॅलडोर शहरातल्या किल्ल्यातल्या स्क्वायरकडे, म्हणजे सरदाराच्या सेवकाकडे, जावे. पुढे ब्लुराइट नावाचे खनिज आणण्यासाठी बर्फाच्या गुहेत शिरावे लागते आणि तेथील बर्फाचे योद्धे व राक्षस नवख्या खेळाडूला सहज लोळवतात. अंगावर मौल्यवान काही ठेवू नये, पोटापुरते अन्न घ्यावे, खनिज मिळताच थेट परत फिरावे.

लेव्हल ३० साठी १३,३६३ एक्सपी लागतात, म्हणजे या क्वेस्टनंतर फक्त ६३८ उरतात. एक लोखंडी लगड वितळवण्याचे १२.५ आणि तिचीच वस्तू घडवण्याचे २५, असे मिळून लगडीमागे ३७.५ एक्सपी होतात. १८ लगडी झाल्या की पोलादाचे दार उघडते.

क्वेस्टचा आणखी एक उपयोग आहे. विनामूल्य खात्याला २० तास खेळणे, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० या तिन्ही अटी पूर्ण होईपर्यंत बाजारात कित्येक वस्तू विकता येत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण पोतीच्या पोती माल साठवतात आणि मग तो घेऊन अडून बसतात. गॉब्लिन डिप्लोमसी ही छोटी क्वेस्ट एकटीच ५ पॉइंट देते, वर क्राफ्टिंगचे, म्हणजे हस्तकलेचे, २०० एक्सपी देते. ती पहिल्या आठवड्यातच उरकावी.

तिसरी पायरी: स्वतः खणलेला माल फुकट धरू नका

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी एकदा तांब्याचे घंगाळ घ्यायला गेलो होतो. कारागिराने ते तराजूवर ठेवले, कागदाच्या चिटोऱ्यावर वजन लिहिले, त्याखाली त्या दिवसाचा तांब्याचा भाव लिहिला आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत घडणावळ लिहिली. मी घरची एक फुटकी घागर बरोबर नेली होती. तिचे वजन करून त्याने मोडीचा भाव लावला आणि तो वजा केला. मागे कोणीतरी ठोक्यांचा ताल न सोडता भांडे मठारत होते. त्या चार ओळींच्या चिटोऱ्यात धातू, घडणावळ आणि मोड एकमेकांत कोठेही मिसळलेली नव्हती आणि या खेळातला हिशेबही मी तेव्हापासून तशाच वेगवेगळ्या चार ओळींत मांडत आलो आहे.

पहिली ओळ कच्च्या मालाची. भाच्याचे म्हणणे असे होते की खनिज त्याने स्वतः खणले होते, म्हणून ते त्याला फुकट पडले. ते फुकट पडत नाही. तेच खनिज ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या मध्यवर्ती बाजारात त्याच क्षणी विकता आले असते. म्हणून त्याची जी बाजारातली किंमत, तीच तुमच्या भट्टीसाठी त्याची खरेदी किंमत धरायला हवी. शेतकऱ्याने घरचा गहू दळला तरी पिठाचा हिशेब करताना गव्हाचा भाव धरावाच लागतो, तसेच हे आहे.

दुसरी ओळ घटीची. सोनार जशी घट धरतो तशी येथेही धरावी लागते आणि तीत सर्वांत मोठी घट लोखंडाची आहे. साध्या भट्टीत लोखंडाचे खनिज वितळवताना निम्म्या वेळा लगड होतच नाही, खनिज वाया जाते. म्हणजे सरासरीने एका लगडीला दोन खनिजे लागतात. ही घट विसरून मी स्वतः सुरुवातीच्या काळात हजारभर खनिज विकत घेतले होते आणि हाती पाचशेच्या आसपास लगडी आल्यावर मला बराच वेळ काही उमगले नव्हते. रिंग ऑफ फोर्जिंग ही अंगठी बोटात असेल तर ही घट पूर्ण थांबते; ती अंगठी १४० लगडींनंतर संपते. १४० खनिजांतून अंगठीशिवाय सरासरी ७० आणि अंगठीसह १४० लगडी मिळतात, तेव्हा अंगठीची किंमत ७० लगडींच्या किमतीहून कमी असेल तोवर ती घेणे परवडते. पोलादाला मात्र अशी घट नाही. १ लोखंडाचे खनिज आणि २ कोळसे टाकले की लगड पडतेच. पुढे मिथ्रिलला ४, अॅडमंटला ६ आणि रून धातूला ८ कोळसे लागतात, म्हणून वरच्या धातूंचा हिशेब बव्हंशी कोळशाच्या भावावर हेलकावे खातो.

तिसरी ओळ कराची. ग्रँड एक्स्चेंजवर डिसेंबर २०२१ पासून विक्रेत्याकडून १ टक्का कर घेतला जाई, तो मे २०२५ पासून २ टक्के झाला आहे. अपूर्णांक सोडून दिला जात असल्याने ५० नाण्यांहून स्वस्त वस्तूवर तो पडत नाही. हा कर किरकोळ वाटतो. पण कारागिरीत सुटणारा नफाच मुळी इतका बारीक असतो की पुष्कळदा २ टक्क्यांनी तो निम्मा होतो.

चौथी पायरी: घड्याळ लावून दहा फेऱ्या करा

आता घडणावळीची ओळ राहिली. ती बाजारात लिहिलेली सापडत नाही, ती तुम्हालाच मोजून काढावी लागते. पुढील भाव मी केवळ गणित दाखवण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष भाव रोज बदलतात, ते खेळातच पाहावेत.

समजा, लोखंडाचे खनिज १०० नाण्यांना, कोळसा १५० ला आणि पोलादाची लगड ४३० ला जाते. एका लगडीचा कच्चा माल ४०० नाण्यांचा झाला, ४३० मधून कराची ८ नाणी गेली, ४२२ हाती आली आणि लगडीमागे २२ नाणी सुटली.

खेळाडूजवळ वस्तू ठेवायला २८ जागा असतात. ९ खनिजे आणि १८ कोळसे घेतले की २७ जागा भरतात आणि एका फेरीत ९ लगडी होतात. एक लगड वितळायला सुमारे ३ सेकंद लागतात, म्हणजे भट्टीपुढे २७ सेकंद. उरलेला वेळ बँकेपर्यंत जाण्यायेण्यात आणि माल काढण्याघालण्यात जातो. खेळातल्या एजव्हिल या गावची भट्टी बँकेजवळ असल्याने मी तीच निवडायला सांगितली. भाचा माझ्यासमोर फोन घेऊन बसला, मी मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि त्याने दहा फेऱ्या केल्या. ८ मिनिटे २० सेकंद लागली. फेरीला ५० सेकंद, म्हणजे तासाला ७२ फेऱ्या. मध्ये पाणी प्यायला किंवा आलेला फोन घ्यायला थोडा वेळ धरून ७० म्हणू. त्या ७० फेऱ्यांत ६३० लगडी, त्यांवर १३,८६० नाणी आणि ११,०२५ एक्सपी मिळतात.

हा आकडा चांगला की वाईट, हे तो एकटा पाहून कळत नाही. त्याच्या शेजारी तुमचा ठरलेला साधा धंदा ठेवावा लागतो, ज्यात कोणतेही डोके न लावता तासाला खात्रीने काही मिळते. भाच्याचा असा धंदा लोखंड खणण्याचा होता आणि तो तासाला सुमारे ३०० खनिजे काढत असे. कर वजा जाता ९८ च्या भावाने ती २९,४०० नाणी झाली. म्हणजे भट्टीपुढे बसलेल्या तासात त्याला १५,५४० नाणी कमी मिळतात आणि त्या बदल्यात ११,०२५ एक्सपी मिळतात. भागाकार केला की एक एक्सपी त्याला सुमारे १.४ नाण्यांना पडतो.

हा भागाकार करताना भाच्याचा चेहरा उजळलेला मला स्पष्ट आठवतो, कारण आता त्याच्याजवळ एक माप आले होते. कोणतीही कारागिरी समोर आली की तिचा एक्सपी कितीला पडतो आणि तासाला किती मिळतो, हे दोन प्रश्न विचारायचे. आम्ही लगेच पोलादी प्लेटबॉडी तपासून पाहिली. तिला स्मिथिंगची लेव्हल ४८ लागते, त्यामुळे तो तेथे पोचलेला नव्हता; पण पुढची वाट आधी पाहून ठेवावी. या चिलखताला ५ लगडी जातात आणि घडवण्याचे १८७.५ एक्सपी मिळतात. लगडी विकत घेतल्या तर २,१५० नाण्यांचा माल लागतो. चिलखत १,२५० ला जाते असे धरले, तर कर जाऊन १,२२५ हाती येतात आणि एका चिलखतामागे ९२५ नाण्यांचा तोटा होतो. व्हॅरॉक शहराच्या पश्चिमेकडील बँकेजवळच्या ऐरणींवर हातोडा आणि २५ लगडी घेऊन ४० सेकंदांची एक फेरी धरली, तर तासाला ४५० चिलखते आणि ८४,३७५ एक्सपी होतात. तोटा ४,१६,२५० नाण्यांचा आणि त्यात खाणकामाचे बुडालेले २९,४०० मिळवले की एक एक्सपी सुमारे ५.३ नाण्यांना पडतो.

पहिली वाट स्वस्त आहे, पण दुसरी साडेसात पटींहून अधिक वेगाची आहे. यांपैकी कोणती 'बरोबर', असे विचारू नये. ज्याच्याजवळ परीक्षा संपल्यानंतरचा मोकळा महिना आहे त्याने स्वस्त वाटेने जावे आणि ज्याला नोकरी सांभाळून रात्री एकच तास मिळतो त्याने आधी नाणी साठवून वेगाची वाट धरावी. मी स्वतः दुसऱ्या प्रकारात मोडतो.

पाचवी पायरी: मोडीचा भाव पाहून ठेवा

प्रत्येक वस्तूला एक तळाचा भाव असतो. मॅजिकची लेव्हल ५५ झाली की हाय लेव्हल अल्केमी हा मंत्र मिळतो. त्याने वस्तू नाहीशी होते आणि खेळाने ठरवलेल्या तिच्या मूळ किमतीच्या ६० टक्के नाणी हाती येतात. खालच्या लेव्हलच्या अल्केमीत ४० टक्के मिळतात. हा झाला मोडीचा भाव. पोलादी प्लेटबॉडीची मोड १,२०० नाणी येते, रून प्लेटबॉडीची ३९,०००. प्रत्येक वेळी एक नेचर रून (रून धातू नव्हे, मंत्रासाठी लागणारा दगड) खर्ची पडतो, तेव्हा त्याची किंमत यातून वजा करावी. पाच अग्नीचे रूनही लागतात, पण हातात स्टाफ ऑफ फायर असला की ते वाचतात.

हा भाव माहीत असण्याचे दोन फायदे आहेत. बाजारात एखाद्या वस्तूचा भाव मोडीच्या खाली जाऊ लागला की लोक ती विकत घेऊन मोडीत काढतात, त्यामुळे भाव सहसा तेथे येऊन अडतो; म्हणजे तुमचा जास्तीत जास्त तोटा किती, हे वस्तू घडवण्याआधीच कळते. आणि एखादी वस्तू कितीही दिवस खपली नाही तरी ती अडगळीत पडून राहत नाही. उलट वर दाखवल्याप्रमाणे ५ पोलादी लगडींची किंमत १,२०० च्या पुष्कळ वर असेल, तर प्लेटबॉडीतून नाणी कमावण्याचा विचार त्या क्षणी सोडून द्यावा.

सहावी पायरी: काय संपते, ते पाहा

नाणी कमावण्याच्या दिवशी मी नव्या खेळाडूला एकच गोष्ट शोधायला सांगतो: जी वस्तू वापरली की संपते, ती. चिलखत एकाने घडवले, दुसऱ्याने घातले, त्याला मोठे चिलखत मिळाले की त्याने ते पुन्हा बाजारात विकले. ते झिजत नाही आणि बाजारातून जातही नाही. खाद्य मात्र लढाईत खाल्ले जाते, रून मंत्र म्हणताच जातात, कोळसा भट्टीत जळतो. मंडईत भाजीची मागणी रोज असते आणि तांबट आळीत तोच माणूस पुन्हा वीस वर्षांनी येतो, एवढा फरक या दोन मालांत आहे. खेळाच्या कर्त्यांनाही ही अडचण माहीत आहे. बाजारात जमणाऱ्या कराचा काही भाग खर्चून खेळच काही वस्तू विकत घेतो आणि त्या नष्ट करतो.

म्हणून कुकिंगकडे दुर्लक्ष करू नये. लेव्हल ४० ला लॉब्स्टर आणि ४५ ला स्वोर्डफिश शिजवता येतात आणि त्यांना गिऱ्हाईक कायम असते. येथेही घट आहे, कारण लेव्हल कमी असताना बरेच मासे करपतात; दहा फेऱ्यांच्या चाचणीत करपलेले मासे मोजायला विसरू नये.

चामड्याचे काम मला पहिल्या दिवसांसाठी आवडते, कारण त्यात भांडवल जवळजवळ लागत नाही. लंब्रिजच्या आसपास गाईंची कातडी मिळतात, अल खरीदचा चर्मकार मऊ चामड्याला कातड्यामागे १ नाणे घेतो, लेव्हल १ पासून हातमोजे आणि १४ पासून चामडी अंगरखे करता येतात. यातून कमाई नाममात्र होते, पण हात बसतो. दागिन्यांचे काम मात्र उशिरा हाती घ्यावे. सोने आणि रत्ने यांत भांडवल अडकते.

सातवी पायरी: लक्षाचीही किंमत धरा

तासाला किती मिळाले हे मोजताना त्या तासात किती लक्ष द्यावे लागले, हे बहुतेक जण मोजत नाहीत. पोलाद वितळवताना एकदा आज्ञा दिली की २७ सेकंद स्क्रीनकडे पाहावे लागत नाही. अल्केमीत दर ३ सेकंदांनी बोट हलवावे लागते, म्हणजे तासाला सुमारे १,२०० वेळा. मी एका आठवड्यात लागोपाठ तीन रात्री अल्केमी केली होती आणि चौथ्या दिवशी माझे उजवे मनगट पेन धरताना दुखत होते. तेव्हापासून मी सलग वीस मिनिटांच्या वर ती करत नाही आणि इतरांनाही करू देत नाही.

भाचा आता वनाझहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत चामडे शिवतो आणि लगडी वितळवतो, कारण मध्येच गर्दी झाली आणि फोन खिशात घालावा लागला तरी काही बिघडत नाही. बर्फाच्या गुहेसारखी जोखमीची कामे तो खोलीवर, संगणकासमोर करतो. ज्या कामात लक्ष कमी लागते, त्याला तासाची कमाई कमी असली तरी चालते. हा एक नियम पाळला तर खेळाचा कंटाळा येत नाही.

विक्रीविषयी दोन गोष्टी. विनामूल्य खात्याला ग्रँड एक्स्चेंजवर एका वेळी ३ व्यवहार लावता येतात, म्हणून खरेदीचे दोन आणि विक्रीचा एक असे धरून काम आखावे. प्रत्येक वस्तूच्या खरेदीला दर ४ तासांची मर्यादाही असते, ती आधी पाहावी. तातडीने घेण्यासाठी चढा भाव आणि तातडीने विकण्यासाठी पडता भाव लावणे टाळावे, कारण कारागिराचा सगळा नफा याच दोन टोकांच्या मधल्या फटीत असतो. रात्री व्यवहार लावून झोपावे आणि सकाळी पाहावे. खेळातल्या सामान्य दुकानात मात्र घडवलेला माल विकू नये. तेथे एकाच वस्तूचा साठा वाढला की दुकानदार भाव उतरवत जातो. भाच्याच्या सुऱ्यांचे तेच झाले होते.

खऱ्या रुपयांत कोणी बाहेरून नाणी विकत असेल तर ती घेऊ नयेत. ते नियमाविरुद्ध आहे, खाते कायमचे बंद होऊ शकते आणि महिनोन्महिन्यांचे कष्ट त्याबरोबर जातात. ज्यांनी आयर्नमॅन प्रकारचे खाते उघडले आहे त्यांना तर इतरांशी देवघेवच करता येत नाही. त्यांच्यासाठी बाजारभावाची ओळ वहीतून काढून टाकावी आणि केवळ वेळ व घट या दोनच ओळींवर हिशेब करावा.

सभासदत्व केव्हा घ्यावे

सभासदत्व पैसे देऊन घेता येते, तसेच बाजारात नाण्यांनी बाँड विकत घेऊनही घेता येते. एका बाँडवर १४ दिवस मिळतात. बाँडचा त्या दिवसाचा भाव तुमच्या तासाच्या खात्रीच्या कमाईने भागावा. आलेले तास तुम्ही १४ दिवसांत एरवी खेळणार असलेल्या तासांहून जास्त असतील, तर अजून थांबावे.

स्मिथिंग करणाऱ्यासाठी सभासदत्वातला सर्वांत मोठा फरक ब्लास्ट फर्नेस हा आहे, कारण तेथे कोळसा निम्मा लागतो आणि लोखंडाची घट पूर्णपणे जाते. पोलादाला २ ऐवजी १, मिथ्रिलला २, अॅडमंटला ३, रूनला ४. ही भट्टी चालवणाऱ्यांसाठी तासाला ७२,००० नाणी तिजोरीत भरावी लागतात आणि स्मिथिंग ६० च्या खाली असेल तर दर १० मिनिटांना आणखी २,५०० द्यावी लागतात, म्हणजे तासाला एकूण ८७,०००. कोळसा १५० ला धरला तर पोलादाच्या लगडीमागे १५० नाणी वाचतात आणि ८७,००० चा खर्च भरून निघायला तासाला ५८० लगडी काढाव्या लागतात. त्यानंतरची प्रत्येक लगड वरकड. लेव्हल ६० झाल्यावर हाच आकडा ४८० वर येतो. भाच्याने हे गणित स्वतः करून मला रात्री उशिरा फोटो पाठवला होता. त्याखाली त्याने लिहिले होते की तो लेव्हल ६० होईपर्यंत एजव्हिलच्याच भट्टीवर राहणार आहे, आणि मी त्याला होकार कळवला.